लिहून घेणार

ग्रंथविक्रेत्याच्या दुकानात लेखकाने स्वतःच्या पुस्तकातील दोन-चार पाने वाचून दाखवावयाची आणि मग टेबलाशी बसून येईल त्याच्या प्रतीवर स्वाक्षरी करावयाची, असा बेत ज्या सायंकाळी असतो त्या सायंकाळी रांगेत नेमके आपल्या पुढे उभे असणारे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे आहेतच. तेव्हा त्यांचे प्रास्ताविक करण्यात मी कोणाचाही वेळ दवडीत नाही. खांद्याला खादीची पिशवी, पिशवीत त्या लेखकाची यच्चयावत पुस्तके प्रकाशनक्रमाने लावलेली, सदऱ्याच्या खिशाला दोन फाउंटनपेने, आणि खिशाच्या आत चौघडी करून ठेवलेला, आता दुकानातही दुर्मिळ झालेला, गुलाबी टीपकागद. पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून डेक्कन जिमखान्यापर्यंत पुस्तकांचे असे एकही दुकान नसेल की ज्याच्या मालकाने ह्या मूर्तीला पायऱ्या चढताना पाहून मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला नाही. आणि दादर-गिरगावात, ठाण्यात, नाशकात त्यांचे सगोत्र आहेतच. आमच्याकडील गृहस्थांना सारे ‘सहीवाले’ म्हणतात. त्यांचे खरे नाव मी येथे देत नाही, कारण ते छापलेले दिसताच ते हा अंक घेऊन माझ्या घरी येतील, नावाखाली माझी सही मागतील आणि मी सही करून हात उचलतो न उचलतो तोच म्हणतील, “तारीख?”

सहीवाल्यांचे सारे आयुष्य ह्या एका प्रश्नात सामावलेले आहे. त्यांची हयात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कारकुनीपासून हेडक्लार्कीपर्यंत गेली. १९०८ सालचा नोंदणी अधिनियम त्यांना, इतरांना रामरक्षा यावी तसा, मुखोद्गत आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचा व्यवहार नोंदल्यावाचून सिद्ध होत नाही, दस्त झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो कार्यालयात हजर करावा लागतो, लिहून देणाराला ओळखणारे साक्षीदार लागतात, आणि लिहून देणाराने तो दस्त राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिल्याचे तोंडी कबूल करावे लागते, ह्या चार खांबांवर त्यांनी केवळ नोकरीच नव्हे तर विश्वाविषयीची आपली समजूतही उभी केली. सेवानिवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. अधिनियम मात्र ते स्वतःबरोबर घेऊन बाहेर पडले आणि निरुपायाने मराठी साहित्याला लागू करू लागले.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून चार महिन्यांच्या आत त्यावर लेखकाची सही झालीच पाहिजे, हे त्यांच्या राज्यातील पहिले कलम. मुदत टळली तर अधिनियमात दंडाची तरतूद आहे, म्हणून सहीवाले स्वतःला दंड करून घेतात: त्याच पुस्तकाची दुसरी प्रत रोखीने विकत घेतात आणि ती कोणत्या तरी शाळेच्या ग्रंथालयाला देऊन टाकतात. मराठी प्रकाशनव्यवसाय ज्या काही अज्ञात आधारांवर तग धरून आहे त्यांत ह्या विलंबशुल्काचा वाटा किती, ह्याचा शोध कोणी तरी घ्यावा.

दुसरे कलम कबुलीजबाबाचे. लेखक टेबलाशी स्थानापन्न झाला, त्याने पेनाचे टोपण काढले, हसून वर पाहिले, की सहीवाले पुस्तक त्याच्या पुढ्यात न ठेवता छातीशी धरतात आणि अत्यंत नम्र स्वरात विचारतात, “हे पुस्तक आपणच लिहिलंत ना?” ह्या प्रश्नात त्यांच्या मनी काही वाकडे नसते, तीस-पस्तीस वर्षे खरेदीखते लिहून देणाऱ्यांना ते हेच विचारीत आले. परंतु मराठीतील लेखक हा प्राणी ह्या प्रश्नाला जितक्या परींनी बिचकतो तितक्या परी नवरसांतही नाहीत. कोणी मोठ्याने हसतो, कोणी “म्हणजे काय?” म्हणून खुर्चीत ताठ होतो, आणि ज्यांच्या कथांची बीजे समुद्रापलीकडच्या मातीतून आल्याची कुजबुज आहे असे एक नामांकित गृहस्थ तर, प्रश्न कानी पडताच, “तसं पाहिलं तर मूळ कल्पना सर्वांचीच असते,” असे काहीबाही पुटपुटत पाणी पिऊ लागले. सहीवाल्यांनी शांतपणे पुस्तक पुढे केले व म्हटले, “कबूल आहे एवढंच म्हणा. कल्पनेची नोंद आम्ही करीत नाही.”

मग कागदाचा प्रश्न येतो. उत्साही लेखक मिळेल त्या पानावर लपेटेदार सही ठोकून मोकळा होतो, आणि एकदा एका कवयित्रीने ती नेमकी अर्पणपत्रिकेवर, आपल्या मातोश्रींच्या नावाखाली ठोकली. सहीवाल्यांचा चेहरा उतरला. “बाई, हे आपण काय केलंत?” ते म्हणाले, “ही मिळकत आधीच दुसऱ्याच्या नावे आहे.” बाईंनी गडबडून सही खोडली, अलीकडच्या पानावर दुसरी केली, तेव्हा सहीवाल्यांनी खोडलेल्या सहीकडे बोट दाखवून, “ह्या खाडाखोडीवर आद्याक्षरी,” असे सुचविले, ती मिळाल्यावर पान फुंकले, टीपकागद दाबला, वाचून पाहिले आणि खिन्नपणे मान हलवून उद्गारले, “तारीख राहिली.”

तारीखही कशी, तर अमुक रीतीची. दिवस, महिना आणि सन, तिन्ही लिहून देणाराच्या हस्ताक्षरात. सन चार आकडी, कारण दोन आकडी सनावरून शतक कोणते हे पुढच्या माणसाला कळत नाही. पुढच्या माणसावर त्यांचा मोठा लोभ आहे. लेखकाने सवयीने मान वर करून विचारले, “आज तारीख किती हो?” तर सहीवाले ती सांगत नाहीत. “ते आपणच आठवायचं. मी सांगितली तर ती माझी तारीख झाली.” भर समारंभात, पन्नास माणसे मागे ताटकळत असताना, ज्ञानवंत, बहुश्रुत, अनेक पारितोषिकांनी विभूषित असे लेखक डोळे मिटून, बोटांवर वार मोजून, काल एकादशी होती की परवा, अशा मार्गाने आजच्या तारखेपर्यंत पोचताना मी पाहिले आहेत; आणि त्या अवस्थेत त्यांच्या मुखावर जी एकाग्रता दिसते ती त्यांच्या गद्यात क्वचितच आढळते.

थोरामोठ्यांच्या सह्यांविषयी त्यांची स्वतंत्र मते आहेत. महात्मा गांधी स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करीत, ही गोष्ट ते गहिवरून सांगतात. गांधीजींच्या निःस्पृहतेपेक्षाही मुद्रांकशुल्क आगाऊ वसूल करण्याचा त्यांचा कारभार सहीवाल्यांना अधिक वंदनीय वाटतो. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर हे तिघे गावोगाव एकत्र काव्यवाचन करीत, त्या काळातील एक कार्यक्रमपत्रिका त्यांच्या संग्रही आहे. तिच्यावर तिघांच्या सह्या आहेत आणि खाली सहीवाल्यांनी बारीक अक्षरात नोंद केली आहे, ‘तिन्ही हिस्से सामाईक, वाटप झालेले नाही’. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी ह्यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिले ग्रंथकार संमेलन भरले, हे मराठी माणसाला अभिमानाने सांगावेसे वाटते. सहीवाल्यांना त्यावर एकच विचारावेसे वाटते, की जमलेल्या ग्रंथकारांनी हजेरीपटावर सह्या केल्या होत्या काय, आणि केल्या असल्यास तारखेसह काय.

मी हे सारे तटस्थपणे लिहीत आहे असे वाटत असेल, तर ते माझे शैलीवरील प्रभुत्व समजावे; कारण ह्याच गृहस्थांनी माझ्या आयुष्यातील एक सायंकाळ धुळीस मिळविली आहे.

माझे एक आवडते कथाकार आहेत. महाविद्यालयीन वयात ज्यांच्या एका कथेने माझी झोप पहिल्यांदा उडविली आणि पुढे ज्यांच्यासारखे लिहिण्याच्या नादात मी अनेक वर्षे स्वतःसारखे लिहावयाचे राहिलो, ते हे लेखक. फारसे कोठे न जाणारे, सभा-सत्कारांना विटलेले. परंतु नवा कथासंग्रह निघाल्यामुळे प्रकाशकाच्या भिडेखातर त्यांनी आमच्या पेठेजवळच्या एका दुकानात येण्याचे मान्य केले. दुकान म्हणजे पहिला मजला. एका बाजूस स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांची तटबंदी, दुसऱ्या बाजूस दहावीचे अपेक्षित प्रश्नसंच, आणि मधोमध, ‘साहित्य’ अशी पाटी असलेल्या एकुलत्या कपाटापुढे, भाड्याने आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यांना काय सांगावयाचे ते वाक्य मी मनाशी केव्हाचे सिद्ध करून ठेवले होते. त्यात स्तुती होती पण लाचारी नव्हती, विद्वत्ता होती पण ती सहज सुचल्यासारखी. दोन पोटवाक्ये आणि एक छानसा विराम, की ज्या विरामात त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहावे.

प्रास्ताविक करणाऱ्याने मूळ वाचनाहून अधिक वेळ घेतला, हे सांगावयास नको. मग लेखक उठले. लिहिणारी माणसे बहुधा वाईट वाचतात, आणि हे तर ओळीखाली बोट धरून, अभ्यास न झालेल्या मुलाने मास्तरांपुढे वाचावे तसे वाचू लागले. तरीही मी तल्लीन झालो. कारण शब्द पाठ होते आणि आवाज मात्र नवा होता, माझ्या डोक्यात इतकी वर्षे त्या कथा वाचणाऱ्या आवाजाहून पुष्कळ बारीक, थोडासा कोकणी हेलाचा. माझ्या परम आवडीचा परिच्छेद जवळ येऊ लागला तसा मी सावरून बसलो, ओठ आपोआप हलू लागले, आणि लेखकाने तेथे पोचताच एक पान उलटून तो सबंध परिच्छेद गाळला. त्यांना त्याचा कंटाळा आला असेल. मला त्या क्षणी त्यांच्याविषयी एकदम आपलेपणा वाटला आणि रागही आला. नंतर प्रश्नोत्तरे झाली. पहिल्याच गृहस्थांनी, “माझा प्रश्न नाही, दोन मुद्दे आहेत,” अशी सुरुवात करून त्यांतील पहिला मुद्दा सांगता सांगता वाटेत सोडून दिला. ते असो.

रांग लागली. माझ्या पुढे सहीवाले. पिशवीतून चौदा पुस्तके निघाली.

पहिल्या पुस्तकाचा कबुलीजबाब झाला. दुसऱ्याच्या वेळी लेखक म्हणाले, “अहो, सगळी मीच लिहिली आहेत, एकदाच विचारा ना!” त्यावर प्रत्येक दस्ताची कबुली पृथक् असते हे त्यांना समजावून देण्यात काही काळ गेला. लेखकाने बॉलपेन उचलले, ते सहीवाल्यांनी आदरपूर्वक काढून घेऊन आपले फाउंटनपेन दिले. ‘लिहून घेणार’ म्हणून सहीवाल्यांचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, मुक्काम पुणे, सही, तारीख. चौथ्या पुस्तकाशी लेखकाने महिना चुकविला, खोडला, आद्याक्षरी केली. सातव्याशी टीपकागद दुसऱ्या बाजूने वापरण्यास घेतला. नवव्या पुस्तकापाशी लेखकाच्या मुद्रेत मला एक विलक्षण पालट दिसू लागला: त्या दृष्टीतील उपरोध, थकवा, सगळे पुसले गेले आणि वतनाच्या कज्ज्यात कागदोपत्री पुरता नागवला गेलेला कुळकर्णी जसा पुढे येईल त्या कागदावर निमूटपणे निशाणी करीत जातो तशी एक शरणागती तेथे आली. मागून कोणी तरी “अहो, आटपा!” असे ओरडले. सहीवाल्यांनी वळूनही पाहिले नाही. हरकती नोंदविण्याची वेळ वेगळी असते.

शेवटी माझी पाळी आली. मी पुस्तक ठेवले, घसा साफ केला आणि माझ्या वाक्याच्या पहिल्या पोटवाक्यात पाऊल टाकले. लेखकांनी मान वर केलीच नाही. दोन्ही हातांनी पुस्तक जवळ ओढून घेत ते घाईघाईने म्हणाले, “घालतो, घालतो. तारीख घालतो. सन चार आकडी.” आणि पेन चालू लागले. माझा विराम, ज्यासाठी मी इतका श्रमलो होतो, तो आला आणि तसाच निघून गेला. खाली जिन्यात येऊन मी पुस्तक उघडले. मुक्काम पुणे होते, सही होती, तारीख निर्दोष होती. वर मात्र हाताच्या वळणाने, चौदा वेळा लिहून सरावलेल्या अक्षरात, सहीवाल्यांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि आडनाव होते.

सहीवाले जिन्याच्या तोंडाशी पुस्तके क्रमवार लावीत उभे होते. त्यांनी ते पान पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि सहानुभूतीने म्हणाले, “कायद्याने हे पुस्तक आता माझं झालं. ताबा तूर्त तुमच्याकडे राहू द्या. रविवारी घरी या, हक्कसोडपत्र करून देतो.”

रविवारी मी गेलो तो भांडावयाच्या तयारीने. जुना वाडा, दोन खोल्या, आणि त्यांतील एकीत जमिनीपासून तुळयांपर्यंत पुस्तके. अशा माणसांच्या घरी पुस्तके असतात पण ती उघडलेली नसतात, असा माझा दृढ समज होता. आणि त्यांना त्या निमित्ताने टोमणा मारावा म्हणून मी हाती येईल ते पुस्तक काढून उघडले. पुस्तक वाचलेले होते. समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा, मुद्रणदोषांची यादी मलपृष्ठाच्या आत, आणि सहीच्या पानामागे, कोऱ्या बाजूस, त्या सायंकाळचा रोजनामा: लेखकाने कोणते पान वाचले, कोठे अडखळले, बाहेर पाऊस होता की नव्हता, कोण कोण आले होते, आणि सभेच्या शेवटी चहा मिळाला की नाही. एका पुस्तकामागे लिहिले होते, ‘वाचताना लेखकाचा गळा दाटला. कारण विचारले नाही.’ मराठी वाङ्मयाचे जे इतिहास विद्यापीठांतून लिहिले जातात त्यांत मला असे वाक्य अद्यापि आढळलेले नाही.

मी विचारले, “पण एवढा अट्टाहास कशासाठी? सही काय, लेखक साऱ्या पुस्तकात आहेच की.”

“लेखक असतोच हो,” सहीवाले म्हणाले. “प्रश्न माझा आहे. मी तिथं होतो ह्याला पुरावा काय?”

नंतर ते हक्कसोडपत्राचा मसुदा करण्यात गढून गेले आणि मी कपाटाकडे वळलो. मधल्या फळीवर, डोळ्यांच्या उंचीला, जी. ए. कुलकर्ण्यांची पुस्तके होती. जी. ए. धारवाडास इंग्रजी शिकवीत, काळ्या चष्म्याआड राहत, सभा-संमेलने आणि वाचकांचे जथे टाळीत, हे सर्वश्रुत आहे. ‘काजळमाया’ला १९७३ सालचे साहित्य अकादेमीचे पारितोषिक मिळाले आणि त्या पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघताच त्यांनी ते परत करून टाकले, हेही. सहीवाल्यांच्या मते तारखेचे महत्त्व जाणणारा एवढा एकच लेखक मराठीत झाला. मी ‘काजळमाया’ काढली. शीर्षकाच्या पानावर, खालच्या अंगास, सहीवाल्यांच्याच वळणदार अक्षरात ‘मुक्काम धारवाड’ असे होते. त्याखाली दिवस, महिना आणि चार आकडी सन. वरची जागा कोरी होती.

“सही राहिली,” मी म्हटले. सूड उगविण्याची इतकी सुबक संधी पुन्हा येणार नव्हती.

“राहिली नाही. घेतली नाही.” त्यांनी मसुद्यावरून मान वर केली नाही. तरुणपणी, रजा काढून, मिरजेस गाडी बदलून ते धारवाडास गेले होते. पत्ता मिळविला, त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचले, पिशवीत पुस्तके, खिशात टीपकागद. घराचे दार बंद होते. ते समोरच्या झाडाखाली बराच वेळ उभे राहिले. “दार वाजवलं असतं तर दिलीही असती हो त्यांनी, भिडेला पडून. पण तो दस्त राजीखुशीचा झाला नसता. दबावाखाली घेतलेली सही रद्दबातल ठरते.” एवढे बोलून त्यांनी मजकुरातील एक वेलांटी दुरुस्त केली आणि कडेला आद्याक्षरी केली. परतताना त्यांनी पेढे आणले होते, तेही त्यांनी सांगितले. पेढ्यांचा भावसुद्धा पुस्तकामागे लिहिलेला होता.

मी भांडण्याचा बेत रहित केला. साऱ्या महाराष्ट्रातील लेखकांना ज्याने तारखेसाठी वेठीस धरले त्या माणसाने आपल्या सर्वांत लाडक्या लेखकाच्या दारावर हात उचलू नये, ही गोष्ट मला गैरसोयीची होती. कारण तिच्यामुळे त्यांच्यावर सरळ चिडता येईनासे झाले. तसे ते आजही मला फारसे आवडत नाहीत, हे नमूद केलेले बरे.

परंतु अलीकडे जो प्रकार सुरू झाला आहे तो पाहिला म्हणजे मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. हल्ली पुस्तक बाजारात येण्यापूर्वीच ‘स्वाक्षरीयुक्त प्रत’ म्हणून त्याची जाहिरात होते. लेखक प्रकाशकाच्या गोदामात बसून कोणासाठी हे ठाऊक नसलेल्या शेकडो सुट्या पानांवर सह्या करतो, ती पाने मग बांधणीत जातात आणि टपालाने घरपोच येतात. सहीवाल्यांनी अशी एक प्रत हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाले, “लिहून देणार आहे, लिहून घेणार नाही. साक्षीदार नाही, मुक्काम नाही. हा व्यवहार कोणामध्ये झाला?” आणि दुकानात प्रत्यक्ष येणारी तरुण मंडळी तर सही घेतच नाहीत, लेखकाच्या खांद्याशी खांदा लावून मोबाईल उंच धरतात, ओठ फाकतात आणि पुस्तक टेबलावरच ठेवून निघून जातात. दुकानदाराने एका समारंभानंतर अशी पुस्तके गोळा केली तेव्हा ती न विकलेल्या गठ्ठ्यात बेमालूम मिसळून गेली. ज्या लेखकापुढे पूर्वी मान खाली घालून रांग सरकत असे, तो आता किल्ल्याच्या दरवाजाप्रमाणे पार्श्वभूमीचे काम करतो. त्यालाही त्याचे काही वाटत नाही. केस नीट करून घेतो.

परवा माझ्या लेखसंग्रहाचे वाचन झाले. अशा प्रसंगी दुकानदार खुर्च्या थोड्याच मांडतो आणि त्याही भरत नाहीत, ह्याचे मला दुःख नाही. मराठीत निबंधकाराला श्रोते मिळणे हा उल्लेखनीय योग समजतात. मी वाचले. दोन टाळ्या झाल्या, त्यांतील एक प्रकाशकाची. मी टेबलाशी जाऊन बसलो आणि ज्या रांगेची व्यवस्था करण्यासाठी एक माणूस मुद्दाम नेमला होता तिच्यात सहीवाले एकटे उभे राहिले.

“हे पुस्तक आपणच लिहिलंत ना?”

“कबूल आहे,” मी म्हटले, आणि खरे सांगावयाचे तर हे दोन शब्द उच्चारताना माझी छाती किंचित भरून आली, कारण त्या सायंकाळी हा प्रश्न दुसऱ्या कोणाला पडलेला नव्हता. मी त्यांचे नाव लिहिले, वडिलांचे नाव लिहिले, मुक्काम, सही, न विचारता तारीख. सहीवाल्यांनी टीपकागद दाबला. मग पिशवीतून माझे पहिले पुस्तक काढले, दोन्ही पाने शेजारी शेजारी धरून रुजुवात केली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पहिल्या पुस्तकावरील सहीची शेपटी पानाच्या कडेपर्यंत झेप घेत गेली होती. आताची जागच्या जागी मुकाट्याने संपत होती.

“ही एका माणसाची सही दिसत नाही.”

“बरीच वर्षं झाली हो मधे.”

“ते दिसतंच आहे. पण मग लिहून देणाराला ओळखणारे दोन इसम लागतील.”

मी दुकानभर नजर फिरविली. प्रकाशक टाळी वाजवूनच निघून गेला होता. दुकानदाराने आपण मला केवळ उधारीच्या वहीत ओळखतो असे स्पष्ट सांगितले. ती ओळख ग्राह्य धरण्यास सहीवाले तयार झाले. दुसऱ्यासाठी खुर्च्या गोळा करणाऱ्या पोऱ्याला बोलाविले, पण तो सज्ञान नव्हता. अखेर मुलीसाठी दहावीचा प्रश्नसंच न्यावयास आलेल्या एका बाईंना मी गळ घातली. त्या बिचाऱ्या पेन हाती घेऊन म्हणाल्या, “करते की सही, पण भाऊ, तुमचं नाव काय?” सहीवाल्यांनी क्षणभर अधिनियमाकडे, म्हणजे छताकडे, पाहिले आणि, ह्या गोष्टीचा मला फार अचंबा वाटतो, खिडकीबाहेरच्या रहदारीत लक्ष असल्यासारखे केले, तेवढ्या अवधीत मी बाईंच्या कानाशी माझे नाव सांगितले.

सह्या झाल्या. पुस्तक पिशवीत गेले, तेही प्रकाशनक्रमाने. जिना उतरता उतरता सहीवाले तिसऱ्या पायरीवर थांबले, मागे वळले आणि मला धीर देत म्हणाले, “वाचून पत्र टाकतो. आवडलं नाही तरी दस्त रद्द होत नाही हो.”